फोनवरचा नाताळ

"२०२० सालचा नाताळ माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला नाताळ होता," असे आमची आत्या पुढच्या जानेवारीत मला म्हणाली आणि मी तिच्याशी भांडलो.

भांडलो म्हणजे आवाज चढवला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या बाईवर आवाज चढवायचा नसतो हे मला कळते. पण त्या वर्षाला कोणी चांगले म्हटलेले मला सहन होत नव्हते. आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षे पेटी वाजवणारा माझा मित्र त्याच सप्टेंबरात गेला होता. त्याच्या मातीला आम्ही पाच जण, तेही कुंपणापाशी उभे. ज्याने गावातल्या निम्म्या ख्रिस्ती माणसांना गीते म्हणून निरोप दिला, त्याच्या कबरीवर एकही गीत झाले नाही. पाळकसाहेबांनी मुखपट्टीआडून प्रार्थना केली, तिचे शेवटचे शब्दही आमच्यापर्यंत पोहोचले नाहीत. हे सगळे मी आत्याला ऐकवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, मी साथीबद्दल कुठे बोलते आहे? मी नाताळाबद्दल बोलते आहे."

तिचे म्हणणे समजायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली. आणि समजले, तेव्हा जे करायला हवे होते त्याच्या नेमके उलटे मी करून बसलो होतो. त्याची ही हकिकत.

आम्ही नगरचे. अहमदनगर म्हणा, २०२४ पासून अहिल्यानगर म्हणा. अमेरिकन मराठी मिशनचे येथले काम १८३१ चे, 'ज्ञानोदय' येथूनच १८४२ मध्ये निघू लागला आणि रेव्हरंड टिळकांचा संसारही बराच काळ येथेच झाला, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. ठाऊक नसते ते एवढेच की आमचा नाताळ तुमच्या दिवाळीसारखाच असतो. घर झाडायचे, चुना द्यायचा, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरायचे, आकाशकंदिलाच्या जागी चांदणी टांगायची. दिवाळीला शेजारून ताट येते, नाताळला आमच्याकडून जाते. ताट रिकामे परत करायचे नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच.

पण नाताळाच्या आधी चार रविवारांचा एक काळ असतो, त्याची माहिती बाहेर फारशी नसते आणि खरे सांगायचे तर आम्हा ख्रिस्ती लोकांनाही तो हल्ली नीटसा आठवत नाही. त्याला आम्ही आगमनकाळ म्हणतो. येणाऱ्याची वाट पाहण्याचा हा काळ. दर रविवारी एक मेणबत्ती लावायची, चौथ्या रविवारी चारही पेटतात. आशेची, शांतीची, आनंदाची आणि प्रीतीची, अशी त्यांची नावे आम्हाला संडे स्कूलमध्ये पाठ करायला लावत. या मेणबत्त्यांची गोष्ट मला फार आवडते. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक गरीब, बेवारशी मुलांसाठी एक घर चालवत. डिसेंबर लागला की पोरे रोज विचारून हैराण करीत, नाताळ कधी येणार? तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रोजच्या दिवसाला एक लहान लाल, रविवारला एक मोठी पांढरी. पोरांनी रोज एक पेटवायची आणि उरलेल्या मोजायच्या. आज जगभरच्या देवळांत जे हिरव्या पानांचे सुबक चक्र दिसते, ते मुळात वाट पाहून कंटाळलेल्या अनाथ मुलांसाठी निघाले.

आमच्याकडे वाट कोणी पाहतच नाही. वेळ कुठे असतो? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तरुण संघाच्या कॅरलच्या फेऱ्यांचे वेळापत्रक लागते. पेटी, ढोलकी, झांजा घेऊन पोरे घरोघर हिंडतात, मध्यरात्र उलटून जाते, प्रत्येक घरी चहा. त्यात नाटकाची तालीम, महिला मंडळाची विक्री, मुलांच्या स्पर्धा, सजावट, जेवणाची वर्गणी. चोवीस तारखेपर्यंत निम्म्या गायकांचा घसा बसलेला असतो. मी पास्टोरेट कमिटीवर पंधरा वर्षे आहे, त्यामुळे या धावपळीत माझा वाटा मोठाच.

आणि या धावपळीत आत्या कुठे होती? २०१४ मध्ये ती पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि तेव्हापासून खोली हेच तिचे जग झाले. पंचवीस डिसेंबरला सकाळी आम्ही नवे कपडे घालून तिच्या पाया पडायचो, तिच्या खाटेजवळ टीव्ही लावून द्यायचो, कामाच्या बाईला थांबायला सांगायचो आणि "आत्या, आम्ही येतोच" म्हणून उपासनेला जायचो. "तुमचे येतोच म्हणजे दुपारचे दोन," असे ती एकदा हसत म्हणाली होती. आम्ही परत येताना तिच्यासाठी केकचा तुकडा आणायचो. कॅरलची फेरी आमच्या दारी यायची ती रात्री एकला. आत्या गोळी घेऊन झोपलेली असायची, म्हणून मीच पोरांना सांगायचो, जरा हळू म्हणा रे. प्रभुभोजन घेऊन पाळकसाहेब वर्षातून दोनदा घरी येत, आणि एवढ्या मोठ्या मंडळीत याहून जास्त त्यांना जमणे शक्य नव्हते, हेही खरे. सहा नाताळ असे गेले. यात काही चुकते आहे असे आमच्यापैकी कोणाला वाटले नाही. तिने तक्रार केली नाही, हे त्याचे कारण नव्हे. आम्ही विचारलेच नाही.

मग २०२० आले. मार्चमध्ये सरकारने साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा, म्हणजे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला त्या काळचा. आत्याला याची मोठी गंमत वाटली. तिच्या आजीने प्लेगात गाव सोडून माळावरच्या झोपड्यांत काढलेले दिवस तिला सांगितले होते. तेथे झाडाखाली उपासना होई आणि मुले मोकळे रान मिळाल्यामुळे खूश असत. 'स्मृतिचित्रे'तही प्लेग भेटतो, तो वाचलेला असतो, पण आपल्या दाराशी येईल असे कोणाला वाटले होते? शुभ शुक्रवार १० एप्रिलला, पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला; दोन्ही दिवशी चर्चला कुलूप. गावातल्या सर्वच देवळांना होते. आषाढीला पालख्यांऐवजी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ते चित्र वाचकांच्या डोळ्यांसमोर असेलच.

१६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली. आगमनकाळाचा पहिला रविवार होता २९ नोव्हेंबरचा. या तारखेला आमच्या लेखी आणखी एक महत्त्व होते. आमची मंडळी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मोडते, त्याची स्थापना नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला झाली. सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या आपापली भांडणे बाजूला ठेवून त्या दिवशी एक झाल्या, आणि तोही आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता. म्हणजे एक होण्याला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी आम्ही एका बाकावर दोघेच, तेही दोन टोकांना, असे बसलो होतो. गीतपुस्तके काढून घेतलेली. प्रभुभोजन नाही. सुवर्णमहोत्सवाच्या जेवणाचे बेत वर्षाच्या सुरुवातीपासून चालले होते, त्यांचे कागद माझ्या फायलीत अजून आहेत.

नाताळासाठी सरकारच्या सूचना आल्या. चर्चमध्ये पन्नासपेक्षा जास्त माणसे नकोत, गाणारे दहापेक्षा जास्त नकोत, म्हाताऱ्यांनी आणि लहान मुलांनी घरीच थांबावे, मिरवणुका नकोत. शिवाय २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरानंतर संचारबंदी. आमच्या कमिटीची बैठक त्यावर तीन तास चालली. गाण्यावरून तर कडाक्याचे भांडण झाले. आम्ही मराठी ख्रिस्ती मुळात गाणारे लोक. टिळकांची भजने काढून घेतली तर आमच्या उपासनेत उरते काय, असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. आमच्यातल्या एका डॉक्टरबाईंनी तेव्हा अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातला एक गायकवृंद १० मार्च २०२० ला एका चर्चच्या सभागृहात तालमीला जमला. एकसष्ट माणसे होती. त्यांपैकी त्रेपन्न आजारी पडली, दोघे दगावले. कोणी खोकत नव्हते, हात धुण्याचे औषधही ठेवलेले होते. मोठ्याने गाताना श्वासाबरोबर जे बाहेर पडते, त्याने घात केला.

तरी एक-दोघांचे म्हणणे होतेच, की देव राखील. हे म्हणणे ऐकायला भक्तीचे वाटते, पण मला ते कधी पटले नाही. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि सांगितले, मार उडी, देवदूत झेलतील. तेव्हा येशूने उडी मारली नाही. श्रद्धेच्या नावाने शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे ही तीच उडी आहे, फक्त पडणारा दुसराच कोणी असतो. त्या वर्षी पोपनीही रोमच्या संचारबंदीमुळे मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी साडेसातला आणली. बेथलेहेमात, जेथून हे सगळे सुरू झाले तेथे, मध्यरात्रीच्या उपासनेला धर्मगुरूंखेरीज बाहेरच्या कोणाला प्रवेश नव्हता. आमची बैठक शेवटी नियम पाळावेत या निर्णयावर आली. घरी जाताना कोणी कोणाशी बोलले नाही.

यातून वाट काढली ती तरुण संघाने. कॅरलच्या फेऱ्या बंद, मग ही पोरे करणार काय? नर्सिंग शिकणारी एक मुलगी म्हणाली, आपण फोनवर जाऊ. जे येऊ शकत नाहीत त्यांची यादी करा. यादी करायला बसलो तेव्हा एकतीस नावे निघाली, आणि त्यातली निम्मी नावे साथ येण्याच्या आधीपासून येत नव्हती, हे लिहिताना लक्षात आले. कोणी पक्षाघाताने पडलेले, कोणाला दिसत नाही, कोणाला तीन जिने उतरवत नाहीत. एका बाईंना तर अकरा वर्षांत मी पाहिलेले नव्हते. त्या आमच्या चर्चपासून दोन गल्ल्या सोडून राहत होत्या.

रविवारी दुपारी चारला एकेक जण पाच-सहा नावे घेऊन फोन लावी आणि सगळ्यांना एकमेकांशी जोडून देई. मोठा फोन लागत नव्हता. आत्याचा साधा बटणांचा फोन पुरला. एक अध्याय वाचायचा, एक गीत म्हणायचे, प्रार्थना करायची. अर्धा तास ठरलेला. आत्याच्या टोळीत एक निवृत्त पोस्टमन होते, दोन विधवा बहिणी, एक जुन्या परिचारिका आणि ती दोन गल्ल्यांपलीकडची बाई. पहिल्या रविवारी मी खोलीत होतो. गीत सुरू झाले आणि जो काही गोंधळ उडाला, तो ऐकून मी तोंडात रुमाल कोंबला. फोनमध्ये आवाज मागेपुढे पोहोचतो, त्यामुळे प्रत्येक जण वेगळ्या ओळीवर. पोस्टमनकाका धृपदावर पोहोचले तेव्हा बहिणींचे दुसरे कडवे चालू होते, आणि आत्या दोघांच्या मध्ये कोठेतरी. संपले तेही एकापाठोपाठ एक. मग काही क्षण शांतता, आणि आत्या म्हणाली, "सगळे पोहोचले ना?" पलीकडून पाच हसण्याचे आवाज आले, तेही मागेपुढे.

अर्ध्या तासाचा तास झाला, तिसऱ्या रविवारी दीड. प्रार्थनेनंतर गप्पा सुरू होत. पोस्टमनकाकांना गावातल्या प्रत्येक घराचा जुना पत्ता पाठ. बहिणींपैकी धाकटीला वाचताना अडखळायला होई, तेव्हा परिचारिकाबाई तिला पुढचा शब्द सांगत. शनिवारपासून आत्याची तयारी असे: फोन भारित करून ठेवायचा, चष्मा पुसायचा, रविवारी तीनलाच केस विंचरायचे. मी म्हणालो, फोनवर केस कुणाला दिसणार आहेत? तिने माझ्याकडे पाहिले फक्त.

चोवीस तारखेला पन्नासांत माझे नाव लागले होते. साडेसहाला उपासना. बाहेर चांदण्या होत्या, आत सगळे होते, पण खोटे नाही सांगत, मला काही साधले नाही. गाणाऱ्यांचे आवाज मुखपट्टीत अडकत होते आणि पेटीच्या जागेकडे माझ्याने पाहवत नव्हते. घरी आलो तर आत्याच्या खोलीत दिवा. तिची टोळी अजून फोनवर होती. नर्सिंगची मुलगी लूकचा दुसरा अध्याय वाचत होती. आत्याने मला खूण केली, बैस. मी दाराशी बसलो. आमच्या घरात नाताळ तिच्या खोलीत होता आणि मी बाहेरून आलेला होतो.

सत्तावीस तारखेच्या रविवारी याच अध्यायाचा पुढचा भाग झाला. बाळाला मंदिरात आणले तेव्हा तेथे याजक होते, विद्वान होते, गर्दी होती. ओळखले ते शिमोन नावाच्या एका वाट पाहणाऱ्या माणसाने आणि हन्ना नावाच्या एका विधवेने. हन्नाचे वय लूकने लिहून ठेवले आहे: चौऱ्याऐंशी. ते वाचल्यावर आत्या ओरडलीच, "माझ्याच वयाची की रे!" मग त्या सहा जणांत त्या हन्नावर जी चर्चा झाली, तसले प्रवचन मी पुष्कळ वर्षांत ऐकलेले नाही. हन्ना मंदिर सोडून कधी जात नसे, असे तेथे म्हटले आहे. परिचारिकाबाई म्हणाल्या, "तिला जाता येत होते म्हणून ती राहत होती. आपल्याला न्यायला कोणी नाही, म्हणून आपण राहिलो." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. रोग्याच्या तक्त्यावर नोंद करावी तशा त्या बोलल्या.

आत्याचे ते वाक्य आता तुमच्या लक्षात आले असेल. २०२० मध्ये सगळी मंडळीच अंथरुणाला खिळली आणि त्यामुळे आत्या सहा वर्षांनी मंडळीत परत आली. आम्हाला जी आपत्ती होती तिने तिला आमच्या बरोबरीला आणून बसवले. ज्या वाट पाहण्याबद्दल आम्ही दरसाल संदेश ऐकतो, ते काम आमच्यात खरोखर कोण करत होते? दुपारी दोनपर्यंत दाराकडे डोळे लावून बसलेली आत्याच की.

फोन वर्षभर चालू राहिले. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्या यादीतली चार नावे गेली, पोस्टमनकाकांचा मुलगाही गेला. त्या रविवारी टोळीने गीत म्हटले नाही. सगळे फोन हातात धरून नुसते बसले होते, असे आत्याने सांगितले. डिसेंबरात ओमायक्रॉनची धास्ती, तरी त्या नाताळला चर्च बऱ्यापैकी भरले. १ एप्रिल २०२२ पासून सारे निर्बंध उठले.

जूनमध्ये कमिटीची बैठक झाली. विषयपत्रिकेवर सातवा विषय: रविवारचे फोन. तरुण संघातली पोरे पुन्हा कामाला, कॉलेजला लागली होती, दर रविवारी चारला अडकून पडणे त्यांना जड जात होते. पाळकसाहेबांचीही एक अडचण होती आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणाले, मंडळी म्हणजे एकत्र येणे. देह घेऊन येणे. धडधाकट माणसे घरी पलंगावर लोळत मोबाइलवर उपासना पाहू लागली आहेत, ही सवय मोडली पाहिजे. अगदी खरे. देवाने फोन पाठवला नाही, देह घेतला, यावर तर नाताळ उभा आहे. मग कोणीतरी म्हणाले, ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्यासाठी आपण चांगला कॅमेरा घेऊ, उपासना घरबसल्या दिसेल. ठराव मांडला गेला: परिस्थिती पूर्ववत झाल्याने फोनवरील प्रार्थना बंद करण्यात याव्यात. अनुमोदन मी दिले. इतिवृत्तात माझे नाव आहे.

कॅमेऱ्याला पैसे लगेच जमले. आत्याला मी मोठ्या पडद्यावर उपासना लावून दिली. तिने दोन रविवार पाहिली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "राहू दे. यात मी कोणाला ऐकू येत नाही."

त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबरला होता. शनिवारी रात्री आत्याने मला फोन भारित करायला सांगितले. मी सहज केला. रविवारी तीनला तिने केस विंचरून घेतले, उशा लावून बसली आणि फोन मांडीवर घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जूनमध्ये फोन थांबले ते उन्हाळ्याच्या सुटीसारखे थांबले, आगमनकाळ लागला की सुरू होतील, असे तिने धरून ठेवले होते. तिला कोणी सांगितलेच नव्हते. मीही नाही. चार वाजले. सव्वाचार झाले. साडेचारला तिने फोन उशाखाली ठेवला आणि मला म्हणाली, "दिवा मालव."

मी काय केले? नर्सिंगच्या त्या मुलीला फोन लावला. तिची आता रात्रपाळी होती. तरुण संघाच्या अध्यक्षाला लावला; तो कॅरलच्या तालमीत होता, मागे ढोलकी वाजत होती. पुढच्या बैठकीत विषय घेतो, असे मी स्वतःला म्हणालो. मी स्वतः तो फोन लावू शकतो, हे माझ्या मनातसुद्धा आले नाही. पंधरा वर्षे कमिटीवर काढली की माणसाला सगळ्या गोष्टी विषयपत्रिकेवर दिसू लागतात.

आत्या २०२३ च्या फेब्रुवारीत गेली. मातीला तीनशेवर माणसे होती, गीते झाली, पाळकसाहेब सुरेख बोलले. त्या गर्दीकडे पाहताना मी मोजत होतो, यांतल्या किती जणांनी तिला मागल्या आठ वर्षांत पाहिले असेल. मला स्वतःला मोजताना अर्थातच पहिला धरले, आणि मग वाटले, धरावे का?

हा प्रश्न आमच्या एका चर्चपुरता आहे असे मला वाटत नाही. वारीला आता न जाऊ शकणारे वारकरी तुमच्या घरात असतील. भजनी मंडळातून पाय थकल्यामुळे गळालेल्या बाया असतील. त्या वर्षी पादुका एसटीत बसल्या तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, पण ज्यांना दरवर्षीच घरी बसून पंढरपूर डोळ्यांसमोर आणावे लागते, त्यांना त्या वर्षी बहुधा एकटे वाटले नसेल. साथ ओसरल्यावर आपण सगळे पूर्ववत झालो, असे सरकारी कागदातही आहे आणि आमच्या ठरावातही आहे. त्यांच्यासाठी पूर्ववत म्हणजे काय, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

आत्याच्या सामानात तिची गीतपुस्तकाची जुनी प्रत निघाली. तिच्या शेवटच्या पानावर मोठ्या, थरथरत्या आकड्यांत पाच फोन नंबर होते आणि समोर नावे नव्हती, खुणा होत्या: पोस्ट, थोरली, धाकटी, नर्स, गल्ली. त्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, ३ डिसेंबरला, चार वाजता मी पहिला नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. ठेवणार इतक्यात पोस्टमनकाकांनी उचलला. मी नाव सांगितले, आत्याचा भाचा म्हणून सांगितले. त्यांनी ते ऐकले की नाही कोण जाणे. "थांबा हं," म्हणाले, "चष्मा घेतो." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पाने उलटल्याचा आला.

"हां. आज कुठला अध्याय?"